पाकोळ्यांची मोजणी

अनघा ठाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. देवदत्तला तोक्योत प्रोजेक्ट मिळाला तशी ती नोकरी सोडून त्याच्याबरोबर तिथल्या ओजिमा भागात राहायला आली. दोन वर्षं भाषा शिकण्यात आणि कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा ते समजण्यात गेली. मग तिला मोरिता-सान भेटले. हे निवृत्त विज्ञानशिक्षक नदीवरच्या पाकोळ्यांची, म्हणजे लहान वटवाघळांची, नोंद ठेवणारा एक गट चालवायचे. त्यांनी तिला पाकोळ्यांचे आवाज टिपणारं छोटं यंत्र दिलं.

दिवस मावळताना ती नदीकाठी जाई. देवदत्त लवकर सुटला की स्टेशनवरून थेट तिथेच येई. किडे भरपूर असले की पाकोळ्या मुकाट खात. कमी पडले की एखादी वेगळीच हाक देई, आणि ती ऐकून बाकीच्या दुसरीकडे वळत. या हाका मोजायच्या होत्या. देवदत्त घड्याळ बघून यंत्राशेजारी बोले, "सात दहा. एक हाक. दोघी पुलाकडे गेल्या." मध्येच, "अनघा, भूक लागली गं."

जानेवारीत ऑफिसमध्येच त्याचं हृदय बंद पडलं. सदतीस वर्षांचा होता.

मार्चमध्ये मोरिता-सानांनी नोंदी मागितल्या. यंत्रातलं मेमरी कार्ड देण्याआधी प्रत काढून ठेवावी, हे तिला सुचलं नाही. त्या दिवसांत तिला जेवायचंही सुचत नव्हतं.

महिन्याने त्यांनी कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. "माणसांचे आवाज काढून टाकलेत. आता हाका स्वच्छ ऐकू येतात."

"मूळ फायली?"

"त्याच साफ केल्या. का, काही हवं होतं?"

सत्तरी ओलांडलेला माणूस महिनाभर रोज त्या कामाला बसला होता. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही फार कष्ट घेतलेत." आणि वाकली.

घरी तिने एकूण एक फाईल लावली. कुठे खोकला, कुठे हसणं तरी राहिलं असेल म्हणून पहाटेपर्यंत ऐकत बसली. काही राहिलं नव्हतं.

रविवारी ठाण्याहून सासूबाईंचा फोन आला. "देवदत्तचा आवाज ऐकवणार होतीस ना?"

अनघाने झालं ते सांगितलं.

"त्या मास्तरांना बोलली नाहीस ना काही?"

"नाही, आई."

"नकोच बोलूस."

मग त्या रडू लागल्या. अनघाही रडली. फोन दोघींनीही ठेवला नाही.