मिस अर्नेस्टीनचे दोन अर्ज

लॅन्सिंग रस्त्याच्या तोंडाशी एक पाटी आहे. इथे चेंडू खेळू नये. गाड्या धुऊ नयेत. मोठ्याने गाणी लावू नयेत. पायऱ्यांवर बसू नये. कोपऱ्यावर घोळका करू नये. शिकागोच्या दक्षिण भागात अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात, पण एवढे 'नये' एका पाटीवर कोंबण्याचा मान लॅन्सिंगचाच. मग पोरांनी करावं तरी काय, हे लिहायला पाटीवर जागाच उरली नव्हती.

पाटीतला शब्द न् शब्द अर्नेस्टीन गॅडिसचा. रस्त्याच्या रहिवासी मंडळाची ती बावीस वर्षं अध्यक्ष; नातू झाला तरी सगळे तिला मानाने 'मिस अर्नेस्टीन'च म्हणत. एकतीस वर्षं पोस्टात पत्रं निवडण्यात गेली, त्यामुळे जी वस्तू जिथली ती तिथेच हवी, ही खोड हाडीमासी खिळलेली. नवरा रॉस्को पोलादाच्या कारखान्यात होता. कारखाना बंद झाला त्या आठवड्यात या एका रस्त्यावरचे अकरा बाप्ये घरी बसले. रॉस्को चार वर्षं खिडकीत बसून होता, मग गेला. पुढे पोहण्याचा तलाव बंद झाला, शाळेतला लेथ यंत्र चालवायला शिकवणारा वर्ग बंद झाला, वाचनालय आठवड्यातून तीन दिवसांवर आलं. एकेक दार बंद होत गेलं, आणि पोरं मात्र दरवर्षी नवी वयात येत राहिली. तिचा नातू क्वेंटेल त्यातलाच. त्याची आई दोन पाळ्या करायची, म्हणून तो आजीकडेच वाढला.

शहराने गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी घरांचे उंच मनोरे पाडले तेव्हा तिथली बरीच कुटुंबं लॅन्सिंग रस्त्यापलीकडच्या भाड्याच्या इमारतीत आली. अर्नेस्टीनने नाक मुरडलं. तिच्या बाजूची माणसं स्वतःच्या विटांच्या घरात राहणारी, गवत कापणारी! बास्केटबॉलचं मैदान याच बाजूला होतं आणि पलीकडची पोरं तिथे येऊ लागली. त्यातल्या जवांटेची आणि क्वेंटेलची अशी गट्टी जमली की जवांटे आठवड्यातून तीनदा अर्नेस्टीनच्या टेबलावर जेवायचा. पण गर्दी वाढली, गाणी वाढली, आणि एक दिवस शेजारच्या मिस्टर टब्ज यांची काच फुटली. अर्नेस्टीनने आपल्या वळणदार अक्षरात चेंडू टाकायच्या रिंगा काढाव्यात असा अर्ज लिहिला, त्रेचाळीस सह्या घेतल्या आणि सगळ्यांना कळावं म्हणून एक प्रत मैदानाच्या जाळीला डकवली. साधा नळ दुरुस्त करायला आठ महिने लावणारं उद्यान खातं तिसऱ्या दिवशी शिडी घेऊन हजर! दोन्ही रिंगा काढून नेल्या. नुसत्या फळ्या राहिल्या.

रिंगा गेल्या म्हणून पोरं काही हवेत विरली नाहीत. या बाजूची दुकानाच्या कोपऱ्यावर उभी राहू लागली, त्या बाजूची इमारतीच्या पायऱ्यांवर. दोन उन्हाळ्यांत यांनी स्वतःला लॅन्सिंगवाले म्हणवून घेतलं, त्यांनीही काहीतरी नाव घेतलं, भिंती रंगल्या. आणि या एप्रिलमध्ये कुणीतरी जवांटेच्या डोक्यात बाटली घातली. कपाळाला सहा टाके पडले.

"तू होतास तिथे?" अर्नेस्टीनने क्वेंटेलला विचारलं.

"सगळेच होते."

"सगळ्यांचं नको सांगूस मला! माझ्या हातचा मक्याचा पाव खाऊन मोठा झालाय तो पोरगा. दोस्त ना रे तुझा?"

"आता तो पलीकडचा आहे, आजी."

"पलीकडचा म्हणजे काय, चंद्रावरचा? चाळीस पावलं आहेत मधे!"

"ते मी नाही ठरवलं," क्वेंटेल म्हणाला आणि टोपी डोळ्यांवर ओढून बाहेर पडला. कुठे, तर कोपऱ्यावर. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागणार होती. दिवसभर रिकामी पोरं आणि दोन कोपरे. पुढचे टाके कुणाला पडतील, की टाके घालण्याइतकाही वेळ मिळणार नाही?

तिने ठरवलं, सुट्टीआधी रिंगा परत लागल्याच पाहिजेत. उद्यान खात्यातल्या बाईने फाइल उघडली. "रिंगा काढाव्यात, असा अर्ज आहे. खाली सही तुमचीच."

"म्हणून तर आले ना! चूक केली म्हणून सांगायला आलेय."

"चुकीसाठी आमच्याकडे फॉर्म नाही, मॅडम. नवा अर्ज करा, तेवढ्याच सह्या आणा."

पुन्हा त्रेचाळीस दारं. मिस्टर टब्ज यांनी तर हात वर केले. "आधी म्हणालात पोरं नकोत, आता म्हणता हवीत. एक काय ते ठरवा, मिस अर्नेस्टीन."

"अहो, गेली कुठे ती पोरं? तुमच्याच मोटारीला टेकून उभी आहेत!"

टब्ज यांनी खिडकीतून पाहिलं आणि निमूट सही केली.

तीन खेटे, दोन बैठका आणि एका साहेबाला भर चर्चच्या दारात गाठून सुनावलेले चार शब्द, एवढ्यानंतर जूनच्या दुसऱ्या शनिवारी रिंगा लागल्या. अर्नेस्टीन घडीची खुर्ची, लिंबू सरबताचं पिंप आणि नवा चेंडू घेऊन आली. क्वेंटेलला आणि त्याच्या चार दोस्तांना तिने अक्षरशः हाकलत आणलं. पलीकडे पायऱ्यांवर जवांटे बसला होता. तिने घसा ताणून हाका मारल्या तेव्हा तो उठून आला, पण जाळीच्या बाहेरच थांबला. कपाळावरची खूण अजून ताजी होती.

"आत ये."

"नको, मिस अर्नेस्टीन."

"कोण अडवतंय? क्वेंटेल? कान धरते त्याचा!"

"तो नाही." जवांटेने जाळीच्या खांबाकडे पाहिलं. चिकटपट्टीचा एक पिवळा तुकडा अजून तिथे होता. मग तो शाळेत कविता म्हणावी तसा घडाघडा म्हणाला, "'रस्त्यापलीकडची मुलं आपली नाहीत. त्यांना इथे येऊ देऊ नये.' पावसाने पुसेपर्यंत रोज वाचायचो आम्ही. अक्षर छान आहे तुमचं."

अर्नेस्टीनच्या मागे चेंडूचा आवाज थांबला. सगळ्या जगावर ती दोन महिने खेकसत होती, खात्यावर, टब्जवर, पोरांवर. आता खेकसायला समोर कुणी उरलं नव्हतं. तिला स्वतःचीच इतकी चीड आली की हातातला पेला तिने सरबतासकट गवतात फेकला. तो पहिला अर्ज लिहायला तिला पुरती एक दुपारसुद्धा लागली नव्हती.

ती फाटकातून बाहेर पडली, गुडघे धरत चाळीस पावलं चालली आणि इमारतीच्या पायऱ्यांपाशी आली. तिथली पोरं बघतच राहिली. जवांटे मागोमाग धावला. "मिस अर्नेस्टीन, इथे कुठे?"

"सरका जरा," ती म्हणाली आणि मधल्या पायरीवर बसली. "क्वेंटेल! मी आता पलीकडची. मला खेळ बघायला आत बोलवायचं असेल तर ये इकडे, आणि या सगळ्यांना घेऊन चल!"

क्वेंटेल चेंडू काखेत धरून फाटकापर्यंत आला. त्याचे दोस्त मागून काहीतरी पुटपुटले. एक पाय बाहेर टाकून तो थांबला.

"तो नाही यायचा," जवांटे हळूच म्हणाला.

"मग उद्या परत येऊन बसेन," अर्नेस्टीन म्हणाली. तिची नजर त्या एका पायावर होती.