अंबरपेठच्या बाई

नारायणगुड्याच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि भांडण रंगलं होतं. माझी मुलगी म्हणत होती, नवरा बघून बाईला मान देणारी ही प्रथाच बंद करा. मंडळाच्या सगळ्यात जुन्या काकू म्हणत होत्या, प्रथा राहील आणि सवाष्णींचीच राहील. मला दोघींचा कंटाळा आला होता.

मागे अंबरपेठहून आलेल्या एक अनोळखी बाई बसल्या होत्या. कपाळ मोकळं, पर्स काखेत घट्ट. प्रत्येक मुद्द्याला त्या पदराने चष्मा पुसून बोलणारीकडे नीट बघायच्या. शेवटी उठून त्या माझ्या मुलीसमोर आल्या.

"बंद उद्या कर, बेटा. नवरा गेल्यापासून मला कुणी कुंकवाचं बोट लावलेलं नाही. आज आधी मला लाव."

मुलीने जन्मात कुणाला कुंकू लावलं नव्हतं. टिळा वाकडा आला. बाईंनी तिच्या हातातला करंडा घेतला आणि त्या काकूंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. काकूंनी डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

मग बाई रांगेने सगळ्यांना कुंकू लावत गेल्या, ताठ मानेने, घरचंच कार्य असल्यासारख्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

भांडण अजून मिटलेलं नाही. दर संक्रांतीला होतं. फक्त आता आधी सगळ्यांना कुंकू लागतं, मग भांडण.