शेजारी ठेवलेली नळी

नागपूरच्या उन्हाळ्याला वाकुल्या दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले फ्रीजरकाका. मे महिन्यात सगळं शहर डोक्याला दुपट्टा गुंडाळून सावली शोधत असायचं, तेव्हा काका लाल स्वेटर घालून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरसमोर पहारा देत. किल्ली गळ्यात, काळ्या गोफात. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की भिवापूरच्या मिरचीवाल्यांचे हे चिरंजीव प्राध्यापकांनाही सोडत नसत. "साहेब, दार लावा, आतली मंडळी घामेजून राहिली!"

माझ्या पीएच.डी.चा जीव एका एन्झाइममध्ये अडकला होता. पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांवरच्या मिथाइलच्या खुणा हे एन्झाइम पुसून टाकतं. माणसाचं जनुक जिवाणूत घालून बनवलेलं, परदेशातून आलेलं, आणि इतकं नाजूक की जरा ऊब लागली तरी कामातून गेलंच म्हणायचं. काका त्याला 'बाई' म्हणत. बाईंचा खोका शहराबाहेर वाडीच्या कुरिअर गोदामात अडकला, तर स्वतः स्कूटर काढून गेले. परतले ते खोक्यावर छत्री बांधून, आणि स्वतः बोडक्या डोक्याने. मग ऊन लागून दोन दिवस तळपायांना कांद्याचा रस चोळत घरी पडून होते.

ते एन्झाइम त्यांनीच वीस नळ्यांत वाटून ठेवलं. मी पाहिलं तर एकोणीसच! मी चिडून त्यांना नाही नाही ते बोलले. "पडली असंन माह्या हातून," एवढंच म्हणाले बिचारे.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा फ्रीजर बंद पडला आणि उरलेल्या सगळ्या नळ्या वितळल्या. माझा शेवटचा प्रयोग बाकी होता, नवा खोका यायच्या आत प्रबंधाची मुदत संपणार होती. मी जिन्यात बसून रडत होते.

"काहून रडून राहिली वं?" म्हणत काका शेजारच्या विभागात गेले आणि तिथल्या फ्रीजरमधली विसावी नळी बर्फाच्या डब्यातून घेऊन आले.

"आमच्या मायनं मिरचीचं सारं बी कधी एका घरात नाई ठेवलं. मूठभर शेजारणीपाशी राहे. तुले सांगतलं असतं त तू वापरून टाकली असती!"

स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

निवृत्त होताना त्यांनी मला एक पुडी दिली. "घरचं बी हाय. ठेव वं तुह्यापाशी." आठवण म्हणून मी ती फ्रीजमध्ये ठेवली आणि विसरले. काका जाऊन आता वर्ष होईल. परवा त्यांच्या मुलाचा भिवापूरहून फोन आला. वादळात घराचे पत्रे उडाले, बियाणं भिजून वाया गेलं.

"ताई," तो चाचरत म्हणाला, "बाबा सांगून गेले होते, आपलं मूठभर बी शेजारी ठेवलं हाय. तुमचं नाव घेतलं होतं."

मला वाटत होतं, ती भेट होती. उद्या सकाळी भिवापूरला निघते आहे. ऊन फार आहे, पुडीवर छत्री धरीन म्हणते.