सात नंबर प्रेसच्या जखमा

सात नंबरच्या प्रेसला चौथा गार्ड बसवला, त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. गार्ड म्हणजे मशीनच्या चालत्या भागापुढची जाळी, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली. चार महिन्यांत त्या एका प्रेसवर एकाच ऑपरेटरला नऊ वेळा लागलं होतं. सगळ्या जखमा किरकोळ, पण नऊ हा आकडा किरकोळ नव्हता. बाकीच्या अकरा प्रेसचे मिळून पाच.

मी नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. पत्रे दाबून गाड्यांचे भाग बनवणारा कारखाना. कोणाला, कुठे, कशाने लागलं याचा हिशेब ठेवणं आणि पुन्हा लागू नये म्हणून मशीन सुधारणं, हे माझं काम. मशीन सुधारता येतं यावर माझा फार विश्वास.

गार्ड बसवून सहा दिवस झाले आणि फर्स्ट एड रजिस्टरमध्ये दहावी नोंद आली. मच्छिंद्र, प्रेस नंबर सात, पत्र्याची कड लागली.

मी मेंटेनन्सचं लॉगबुक मागवलं. गार्ड नीट बसला नव्हता का, एवढंच बघायचं होतं. बघतो तर त्या दिवशी प्रेस बंद. मोटर रिवाइंडिंगला गेली होती. मग मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून दहाही तारखा ताडून पाहिल्या. चार तारखांना प्रेस चालूच नव्हती. एक वही फर्स्ट एड रूममध्ये, दुसरी मेंटेनन्सला. दोन्ही एकत्र कोणी वाचल्याच नव्हत्या. वाचणं माझं काम होतं.

फर्स्ट एड रूमच्या भिंगारदिवे सिस्टरांना मी वह्या दाखवल्या. त्यांनी चष्मा काढला.

"सर, मला महिनाभर शंका होती. पण तुम्ही गार्डावर गार्ड बसवत होता. म्हटलं, तुम्हाला जास्त कळत असेल."

मला लागायचं ते लागलं.

मच्छिंद्र तिसगावकडचा. वय चौतीस, बायको, एक मुलगी, एमआयडीसीजवळ भाड्याची खोली. कामाला चोख. सिस्टरांनी त्याला बसवलं, दार लोटलं आणि माझ्यासमोरच सरळ विचारलं, "मच्छिंद्रभाऊ, हे तुम्ही स्वतःच करून घेता ना?"

त्याने मान डोलावली. "व्हय."

"मरायचं मनात येतं का?"

"न्हाई सिस्टर. डोकं लई भरतं. मंग थोडा येळ गप व्हतं." मग माझ्याकडे वळला. "सायेब, नोकरी जाईल का वो?"

"नाही जाणार," मी म्हणालो. हे वचन द्यायचा अधिकार मला नव्हता. दिलं. आणि लगेच दुसरी चूक केली. म्हणालो, "पण तू शपथ घे. मुलीची."

त्याने घेतली. पंधरा दिवसांत मोडली. आणि या वेळी सिस्टरांकडे आलाच नाही, बाही खाली ओढून फिरत राहिला. रजिस्टर कोरं. त्या कोऱ्या पानाने माझी झोप गेली.

मग आम्ही डॉक्टर शोधायला लागलो. सिस्टरांनी मिळवलेला पहिला 'काउन्सेलर' दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी ते सांगणारा निघाला. मच्छिंद्र बाहेर येऊन म्हणाला, "सायेब, त्यो मला आयटीआय करा म्हनला. माझा झालाय आयटीआय." त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला, म्हणून ती फेरी मी वाया गेली असं धरत नाही.

दुसऱ्या ठिकाणी उपदेश मिळाला. तिसरे मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनाच्या आजारांवर औषधं देणारे एमबीबीएसच्या पुढचे डॉक्टर. त्यांनी नीट तपासलं, नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि स्वच्छ सांगितलं, "गोळ्या हव्यातच. पण मी एका पेशंटला दहा मिनिटं देतो. ह्यांना तास देणारं माणूस लागेल." सावेडीतल्या एका मानसशास्त्रज्ञ मॅडमचं नाव त्यांनी लिहून दिलं.

मॅडमना मी शपथेचं सांगितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शपथ मोडली की माणूस जखमेबरोबर शपथही लपवतो. ती काढून घ्या."

मी मच्छिंद्रला म्हणालो, "ती शपथ रद्द."

"अशी रद्द व्हती व्हय शपथ?"

"मी घातली, मीच काढली."

त्याचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

आता अडचण शिफ्टची. मॅडमची वेळ दर बुधवारी साडेचार, आणि आमच्याकडे शिफ्ट दर आठवड्याला फिरते. मी प्लांट हेडकडे गेलो. म्हणालो, सहा महिने मच्छिंद्रला सकाळची शिफ्ट द्या, आणि प्रेसवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवा.

"कारण?"

"वैद्यकीय. त्यापुढे सांगणार नाही."

"एकाला दिलं की दहा येतील, जोशी."

"साहेब, एका चुकीच्या निदानापायी मी सात नंबर चार वेळा बंद ठेवली. एकूण एकतीस तास. चूक माझी. आता बरोबर निदानाला एक शिफ्ट मागतोय."

ते कपाळाला आठ्या घालून बसले. "लेखी दे. आणि तुझ्या सहीनं." दिलं.

उपचार म्हणजे काय चालतं, हे मला मच्छिंद्रनेच सांगितलं. डोकं कधी भरतं, त्याआधी काय घडतं, हे तो वहीत टिपायचा. भरायला लागलं की काय करायचं याची यादी खिशात. यादीतलं शेवटचं काम, माणसाला फोन. दुसऱ्या महिन्यात एकदा घसरला. पण त्या वेळी स्वतःच सिस्टरांकडे आला आणि म्हणाला, "मशीननं न्हाई. मी." रजिस्टर चार जणांच्या हाती जातं, म्हणून सिस्टरांनी त्यात तसं लिहिलं नाही, पण मॅडमना फोन जोडून दिला. चौथ्या महिन्यात त्याने जखम होण्याआधीच बायकोला फोन केला. ती पाऊण तास बोलत राहिली. जखम झालीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बक्षीस मिळाल्यासारखं ते मला सांगितलं, आणि बक्षीसच होतं ते.

उपचार सुरू होऊन आज अकरा महिने झाले. दुसऱ्या महिन्यानंतर नवी जखम नाही. मॅडमकडे तो आता महिन्यातून एकदाच जातो. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून कमी होताहेत. डॉक्टर आणि मॅडम, दोघांनी होकार दिल्यावर तो प्रेसवर परतला.

गेल्या महिन्यात शिफ्टच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या सेफ्टीच्या बोलण्यात तो, मी न सांगता, पुढे आला. चाळीस माणसं उभी. "माझ्या डोक्यात बिघाड झालता. दवाखान्यात गेलो. बरं वाटतंय. कुनाला जायचं आसल तर मी संगं येतो." एवढं बोलून जागेवर गेला. मागून कोणीतरी ओरडलं, "चहा पाजशील का?" "पाजतो की!" सगळे हसले. त्याच आठवड्यात दोघे त्याच्याकडे गेले.

मी त्यातून एकच नियम काढला. नुसता डॉक्टरचा नंबर लिहून देऊ नये, दारापर्यंत सोबत जावं. पहिल्या तिन्ही दारांशी मी त्याला मोटरसायकलवर मागे बसवून नेलं होतं. चौथ्या दाराशी तो आपापला गेला.