उतारावरचे मुकादम

पाऊस आला की कामावरची सगळी माणसं आडोशाला पळत आणि मुकादम तेवढे पावसात निघत. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काचेची रिकामी बाटली. जागेच्या अगदी खालच्या कोपऱ्यात ते उकिडवे बसत, वाहून चाललेलं पाणी बाटलीत भरून घेत आणि ती माझ्या टेबलावर हजेरीच्या वहीशेजारी आणून ठेवत. तासाभरात गाळ तळाशी बसे. मग त्यावर आडवी बोटं लावून म्हणत, "दोन बोटं, भाऊसाहेब. दोन बोटं जमीन गेली आपली." सांगण्याची तऱ्हा अशी की घरात चोरी झाल्यासारखं वाटावं. मजूर त्यांना पाठीमागे 'गढूळ मुकादम' म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं.

सोलापुरात तेव्हा गिरण्या भरात होत्या आणि शहराबाहेरच्या माळावर चाळी उठत होत्या. त्यातल्याच एका चाळीच्या कामावर मी हजेरी कारकून होतो. वय बावीस, अंगात कोट आणि चार इयत्ता इंग्रजी झाल्याचा ताठा. जागा उताराची होती. वर उघडा माळ, मधे आमचं काम आणि खाली तेलुगू विणकरांची पंधरा-वीस घरं. घरोघरी खड्ड्याचे माग. जमिनीत खड्डा खणायचा, त्यात पाय सोडून बसायचं आणि लुगडी विणायची. वरून लोंढा गेला तर तो आधी कुठे भरेल हे कळायला काही शिकावं लागत नव्हतं. पण मुकादमांशिवाय कुणी त्याचा विचार केला नव्हता.

पायाची खणाई सुरू होण्याआधी त्यांनी वरच्या अंगाला लांबच लांब चर मारून घेतला आणि माळावरचं पाणी बाजूच्या ओढ्याला काढून दिलं. ओव्हरसियरसाहेब वैतागले, आठवडा फुकट गेला म्हणाले. मुकादमांचं एकच, "आदी पान्याची सोय करू, मग तुमचा पाया." गवतसुद्धा ते खणायच्या जागेपुरतंच काढू देत. "गवत म्हंजी जमिनीचं कातडं हाय. लागंल तेवढंच सोला की!" पायाच्या खणाईतून निघालेल्या काळ्या मातीचा ढीग त्यांनी तुराट्यांनी झाकला, तुराट्यांवर दगड ठेवले. खालच्या बाजूला गाळ अडवायला खड्डे काढले आणि प्रत्येक पावसानंतर ते उपसायला लावले. मी एकदा विचारलं, "मुकादम, आपण चाळ बांधतोय की शेत करतोय?" मजूर हसले. मुकादम हसले नाहीत.

एरवी त्यांना राग येत नसे. त्यांचं घर मोहोळला, बायको-मुलं तिकडेच. इथे पत्र्याच्या शेडमध्ये एकटे भाकरी थापून खात आणि मला रोज विचारत, "खाणार का चतकोर?" एकदा जेवताजेवता आपणहून म्हणाले, "करमाळ्याकडं धर्मशाळा बांदत हुतो. माती उघडी टाकली म्या. एका पावसात खालची हीर बुजली. गावाला तेवढीच हीर हुती." उरलेली भाकरी फडक्यात बांधून ठेवली आणि चर बघायला गेले.

दसऱ्याला कोनशिला बसवायचं ठरलं. मालकांचे मोठे पाहुणे मोटारीतून येणार होते. चर जिथे रस्त्याला आडवा जाई, तिथे मुकादमांनी जाड फळ्या टाकल्या होत्या. त्यांवरून दगडाच्या बैलगाड्या बिनघोर जात. पण मोटारीचा ड्रायव्हर आदल्या दिवशी येऊन बघून गेला आणि फळ्यांवर गाडी घालणार नाही म्हणाला. मुकादम सणासाठी सकाळीच मोहोळला गेले होते. जाताना मला दोनदा बजावलं होतं, "चराला हात लावू नगा. हस्त चाललाय, पाऊस कवाबी येतोय." ओव्हरसियरसाहेब मला म्हणाले, "तेवढा भाग बुजवून टाका. उद्या कार्यक्रम झाला की उघडा."

मी बुजवून घेतला. नुसता बुजवला नाही, मुरूम टाकून धुमसानं ठोकून पक्का केला. आणि मातीच्या ढिगावरच्या तुराट्या पाहुण्यांसमोर गबाळ्या दिसतील म्हणून त्याही काढायला लावल्या. हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मजुरांनी कुदळी, फावडी, घमेली धुतली, ओळीनं मांडली, हळद-कुंकू लावून झेंडूची फुलं वाहिली. पूजेला बसलेलं अवजार दसऱ्याचा दिवस सरेपर्यंत कुणी उचलत नाही. चर उघडायचा दिवस नेमका तोच, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सकाळी मोटार थाटात आली, कोनशिला बसली, पेढे वाटले, मोटार गेली. मी मजुरांना चराचं सांगितलं तर सगळे माझ्याकडे बघत राहिले. "आज कसं, भाऊसाहेब?" मीही ताणलं नाही. ऊन स्वच्छ होतं. म्हटलं, उद्या बघू.

दुपारी तीनच्या सुमाराला मोहोळच्या बाजूनं आभाळ काळंनिळं चढलं आणि पाठोपाठ मुकादम आले. सण अर्धा टाकून आले होते. त्यांनी चर पाहिला, उघडा ढीग पाहिला. सरळ पूजेपाशी गेले आणि फुलं वाहिलेली कुदळ उचलली. चार-पाच मजूर सोनं द्यायला आले होते, ते मागे सरकले. "मुकादम, आज न्हाय!"

"पूजा झाली न्हवं? मग लावा की कामाला! खाली माणसं ऱ्हात्यात रं!"

कुणी पुढे आलं नाही. मी ठोकून घेतलेला मुरूम दगडासारखा झाला होता, कुदळ नुसती उडत होती. त्यांच्या तळहातातून रक्त आलेलं मला कार्यक्रमाच्या मांडवातून दिसत होतं. हो, मी मांडवात उभा होतो. हातभर खणून झालं असेल, तोवर पाऊस कोसळला. माळावरचं सगळं पाणी चरातून धावत आलं, बुजवलेल्या जागी तुंबलं आणि उसळून मातीच्या ढिगावर गेलं. काळी माती ती, बघता बघता विरघळली. मुकादमांनी कुदळ टाकली आणि ते ओरडत उतारावरून खाली पळाले. "भाईर पडा! भाईर पडा!"

माणसं वाचली. सण असल्यानं मागांचीही पूजा होती, खड्ड्यात कुणी बसलेलं नव्हतं. पण एकूण एक खड्डा चिखलानं भरला. मागावर चढवलेले ताणे, निम्मी विणून झालेली लुगडी, सगळं गाळात गेलं. दोन घरांच्या भिंती बसल्या. बायका दारात उभ्या राहून रडत होत्या.

चौकशी झाली. मुकादमांनी मातीचा ढीग उघडा ठेवला होता, असं साहेबांनी सांगितलं आणि मी माझ्या सुंदर अक्षरात लिहून खाली सही केली. मुकादमांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ढीग माझाच हुता." त्यांना कामावरून काढलं. ते मोहोळला गेले नाहीत. खाली वस्तीत राहिले आणि हाताला चिंध्या बांधून एकेका घरातला खड्डा उपसत बसले. मी वरून रोज बघत होतो. मला अन्न गोड लागत नव्हतं.

बाराव्या-तेराव्या दिवशी ते ओढ्यावर हात धूत होते, तिथे मी गेलो. म्हणालो, "मुकादम, चूक माझी आहे."

"मला ठावं हाय की," ते शांतपणे म्हणाले. "मला कशाला सांगताय, भाऊसाहेब? माग काय माझा बुडालाय? खाली जाऊन सांगा."

माझा धीर व्हायला आणखी चार दिवस लागले. वाक्यं पाठ करून मी वस्तीतल्या पहिल्या घरापाशी गेलो. नरसय्या नावाचा म्हातारा विणकर कोरड्या झालेल्या खड्ड्याच्या काठाशी बसून मागाची तुटलेली फणी जुळवत होता. त्यानं मान वर केली. आणि माझ्या तोंडून निघालं, "मुकादम आहेत का?"

"गेले की. सकाळीच गेले गावाकडं. शेवटचा खड्डा काल झाला." त्यानं मला बसायला पाट सरकवला. "चूक झाली त्यांच्या हातनं, साहेब. पन मानूस लई चांगला. लई रडले हितं बसून. तुमी वरचे कारकून न्हवं? बसा, चा घेऊन जावा."

मी बसलो. त्याच्या सुनेनं चहा आणला. तो मी प्यालो आणि वर निघून आलो.