ग्रीनिचकाकांची एक चुकीची नोंद

ग्रीनिचकाकांच्या मनगटावरच्या घड्याळाने कॅनबेरात राहून कॅनबेराची वेळ कधी दाखवली नाही. जगातले सगळे भूकंप ग्रीनिचच्या वेळेने नोंदले जातात, म्हणून काका दाढीही ग्रीनिचच्या वेळेने करत आणि लोकांना जेवायलाही त्याच वेळेने बोलावत. "शनिवारी साडेआठला या," म्हणाले, की आपण दहा तास मिळवायचे, म्हणजे संध्याकाळचे साडेसहा. उन्हाळ्यात सरकार घड्याळं तासभर पुढे करी, तेव्हा अकरा मिळवायचे. हे नव्या माणसांना कोण सांगणार? एकदा मुंबईहून नुकतंच आलेलं डॉक्टर जोडपं सकाळी साडेआठला नटूनथटून, हातात वाइनची बाटली घेऊन दारात उभं राहिलं. काकूंच्या तोंडात टूथब्रश होता. त्यांनी दोघांना पोहे करून घातले, दुपारी झोपायला खोली दिली, संध्याकाळी जेवू घालून मगच सोडलं. वर काकांना म्हणाल्या, "तुमच्या ग्रीनिचला एक दिवस मी सवत म्हणून हळदीकुंकवाला बोलावणार आहे."

काका म्हणाले, "बोलाव. फक्त वेळ नीट सांग."

काका भूभौतिक शास्त्रज्ञ होते आणि मी त्यांच्याच सरकारी ऑफिसात यंत्रं सांभाळणारा एकतीस वर्षांचा इंजिनिअर. वाळवंटात ठिकठिकाणी आमची स्टेशनं होती. जमीन कुठेही हलली की तिथल्या यंत्रांवर रेघ थरथरायची, आणि ती बघून काकांनी सांगायचं, की हा भूकंप आहे की कुणीतरी जमिनीखाली अणुबॉम्ब उडवून बघतंय. नव्वदीचा मध्य होता, अणुचाचण्यांवर बंदी आणायच्या वाटाघाटी चालल्या होत्या. काकांच्या एका वाक्यावर मंत्र्यांच्या ऑफिसात फोन वाजत.

ती विद्या त्यांनी मला पहिल्याच दिवशी बिस्किटाचा पुडा हातात घेऊन शिकवली. "स्फोट झाला की जमीन सगळीकडून बाहेर ढकलली जाते. म्हणून कुठल्याही स्टेशनवर रेघ आधी वरच उडी मारणार. भूकंपात खडक सरकतो. कुणाला ढकलतो, कुणाला ओढतो. तेव्हा एका जरी स्टेशनवर रेघ आधी खाली गेली, तर तो बॉम्ब नव्हे. पहिली हालचाल बघायची, बाबा. ती खोटं बोलत नाही. नंतरचा सगळा तमाशा." आणि तोवर पुड्यातली बिस्किटं संपली होती.

हाच नियम ते माणसांना लावत. त्यांचं म्हणणं, कुठलीही बातमी कानावर पडली की माणसाच्या भुवया आधी वर जातात किंवा खाली, वर म्हणजे आवडलं, खाली म्हणजे खुपलं, आणि तेवढंच खरं. तोंड उघडेपर्यंत माणूस सावरलेला असतो. मंडळाच्या गणपतीत एका बाईंचं गाणं संपलं आणि आमच्या अध्यक्षांनी "वा, वा!" केलं. काका माझ्या कानाशी लागले, "वा म्हणायच्या आधी भुवया खाली गेल्या होत्या हं. मी नोंद केलीय."

नोंद खरोखरच असायची. खिशात लाल पुठ्ठ्याची वही, वहीत ग्रीनिचची वेळ. मला वाचायला मिळालेल्या काही नोंदी अजून पाठ आहेत : 'लेकीने प्रेमविवाहाचं सांगितलं. काकू : वर. मी : खाली, मग वर.' 'वांग्याचं भरीत. मी : खाली. तोंडाने छान म्हणालो.' ही दुसरी नोंद काकूंनी वाचली तेव्हा आठवडाभर घरात रोज भरीत झालं. मी म्हटलं, "काका, खोडून टाकायची ना." ते खरोखर दचकले. म्हणाले, "नोंद म्हणजे नोंद. तिथे माया-दया दाखवली की विज्ञान संपलं."

ऑफिसात त्यांची आणि आमचा साहेब केविन याची कायमची पैज असे. भूकंप की स्फोट, दोघांनी आपापलं सांगायचं, हरेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहाबरोबर खायला आणायचं. काका कधी हरले नाहीत. केविनच्या बायकोने केलेले लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेट केक, खाऊन आम्ही सगळे फुगलो. केविन कळवळून म्हणायचा, "मेट, एकदा तरी हर. तुझी बायको काय करते ते चाखू दे."

आता माझी गोष्ट. आजवर ती मी फक्त एका माणसाला सांगितली आहे.

एका स्टेशनच्या यंत्रात मुंग्या शिरल्या म्हणून मला वाळवंटात पाठवलं होतं. ऊन, डोळ्यांत जाणाऱ्या माश्या, आणि चार वाजताचं छोटं विमान गाठायचं होतं. मी तारा सोडवल्या, मुंग्या झटकल्या, तारा परत जोडल्या. जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली. म्हणजे जमीन वर उचलली गेली तर त्या यंत्रावर रेघ खाली जाणार. तपासायला दहा मिनिटं लागली असती. प्रत्येक स्टेशनवर एक नोंदवही असते, त्यात केलेलं काम लिहायचं. मी लिहिलं, 'मुंग्या काढल्या. सगळं ठीक.'

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी रेघा थरथरल्या. कुठल्या देशातून, याला आता महत्त्व नाही. हादरा लहान होता. बाकी स्टेशनांवर वाऱ्याने गोंधळ घातला होता, स्वच्छ दिसत होतं ते एकाच ठिकाणी. माझ्या. केविन म्हणाला, "जागा संशयास्पद आहे, मी स्फोट म्हणतो." काकांनी भिंग लावून रेघ पाहिली आणि हसले. "केविन, खाली गेलीय. बॉम्ब जमीन ओढत नाही रे. लॅमिंग्टनची तयारी कर." वर कळवलं गेलं, की बहुधा भूकंप.

दुसऱ्या दिवशी त्या देशाने स्वतःच जाहीर केलं, की आम्ही चाचणी केली.

केविनने पाठीवर हात ठेवून "नो वरीज, मेट" म्हटलं, तेच काकांना जास्त लागलं असावं. त्यानंतरच्या सकाळी ते डबा घेऊन आले. ऐंशी करंज्या. काकूंनी रात्री बसून केलेल्या. ऑफिसात नुसता सण. केविन चार खाऊन म्हणाला, "इतकी वर्षं तू आमच्यापासून हे लपवलंस?" काकाही हसत होते. हसत हसत त्यांनी ती रेघ पुन्हा भिंगाखाली घेतली.

मग त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. महिन्यात दोनदा. पैज थांबली. रेघ समोर आली की म्हणायचे, "केविन, तूच बघ." ते बघत असते तर त्यांनीच मला पकडलं असतं. पण पंधरा दिवसांनी टोंगा बेटांकडे मोठा भूकंप झाला, शेजारच्या सगळ्या स्टेशनांवर रेघ वर आणि माझ्या एकट्या स्टेशनवर खाली, तेव्हा ते पाहणारा मीच होतो. मिनिटभरात सगळं समजलं. मी काहीतरी निमित्त काढून तिथे गेलो, तारा सरळ केल्या आणि नोंदवहीत लिहिलं, 'मुंग्या काढल्या. सगळं ठीक.' या वेळी एकही मुंगी नव्हती.

माझी नोकरी कायम व्हायची होती, हे कारण मी स्वतःला सांगत असे. कायम झाल्यावरही मी बोललो नाही, तेव्हा ते कारण संपलं. काकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी म्हणाले, "डोळे थकले," आणि सिडनीच्या कॅसल हिल उपनगरात लेकीकडे राहायला गेले.

तीन वर्षांनी, नव्याण्णव साली, मी तिथे गेलो. काका घरामागच्या लाकडी डेकवर संत्रं सोलत बसले होते. बोलता बोलता त्यांच्या मनगटाकडे लक्ष गेलं. घड्याळात अकरा वाजले होते आणि सिडनीतही अकराच वाजले होते. मग मात्र मला थांबता येईना. मी सगळं सांगितलं. मुंग्या, विमान, तारा, टोंगा, दोन्ही नोंदी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि एकदम खुर्चीतून उठून ओरडले, "अगं ए! मी बरोबर होतो! या सुहासने तारा उलट्या लावल्या होत्या! रेघ खालीच होती! माझे डोळे शाबूत आहेत!" काकू पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आल्या. समजायला थोडा वेळ लागला, मग कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "आणि माझ्या ऐंशी करंज्या?" नातू आतून आला आणि म्हणाला, "आजोबा, आर यू ओके?" आजोबा त्याचे दोन्ही हात धरून डेकवर नाचत होते. मला त्या दिवशी तिथेच बसवून काकूंनी करंज्या लाटायला लावल्या. माझ्या हातची प्रत्येक करंजी तळताना उघडली, आणि दर वेळी काका टाळ्या वाजवून ओरडत, "आणखी एक चाचणी!"

मी म्हटलं, "केविनला आत्ता फोन करतो."

"काही नको," काका म्हणाले. "तुला घरी बसवतील. मला समजलं, पुरे झालं." मग घड्याळ काढून त्यांनी काटे मागे फिरवले, दहा तास, एकेक तास मोजत.

आणि मी ते ऐकलं. फोन केला नाही. नोकरी टिकली, बढत्याही मिळाल्या.

काका गेल्यावर त्यांच्या लेकीने ती लाल वही मला पाठवली. त्या दिवसाचं पान शोधायला वेळ लागला नाही. 'ग्रीनिच ०१:१०. सुहासने तारांचं सांगितलं. मी : वर.'

मी समोर बसलो होतो. काका ओरडायच्या आधी, उठायच्या आधी, अर्धा सेकंद त्यांच्या भुवया खाली गेल्या होत्या. ज्यांनी मला बघायला शिकवलं त्यांचीच पहिली हालचाल मी बघितली, ती चुकणं शक्य नाही. भरताचीसुद्धा नोंद न खोडणाऱ्या माणसाने वहीत एवढी एकच नोंद खोटी केली.

ती इथे दुरुस्त करतो. खाली, मग वर.