हाजराबी तळ्यावर गेली तो रविवार

लातुरात त्या काळी दुसरा नंबर म्हणजे काहीच नव्हे. पहिल्या नंबरच्या पोराचा फोटो चौकात रिक्षाएवढा लागायचा, त्याच्या आईबापाच्या गळ्यात हार पडायचे, त्याच्या क्लासच्या दारात रांग लागायची. आणि अर्ध्या मार्कानं मागं राहिलेलं पोर डब्यातल्या पोळ्या तशाच परत पाठवायचं. हाजराबीला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तो डबा तिचा असायचा. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या चाळीस पोरांचे डबे ती करायची. कुणाचा निकाल काय लागला, हे बघायला तिला पेपर लागत नव्हता. परत आलेला डबा उघडला की कळायचं.

आणि अशा बाईच्या नशिबी नवरा कसला, तर सलग पाच वर्षं दुसरा! अभ्यासात नव्हे हो, मासे धरण्यात.

पाशामियाँ गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत जीपचे टप आणि स्कूटरची सीटकव्हरं शिवायचे. बोटं बारीक, नजर त्याहून बारीक, आणि बोलणं असं की दिवसभरात दहा वाक्यं झाली तरी खूप. भूकंपाच्या साली सगळ्या लातुरासारखे हेही दोघं लेकीला, सादियाला घेऊन महिनाभर उघड्यावर झोपले. हाजराबी मदतीच्या भटारखान्यात डेगी हलवायला गेली. तिथं तिला कळलं, की आपण दोनशे माणसांचा स्वयंपाक करूनही दमत नाही. पुढं डब्यांचा धंदा निघाला तो त्यातूनच. पाशामियाँना किल्लारीकडच्या एका गावात फाटके तंबू शिवायला नेलं होतं. तिथून त्यांनी काय आणलं? काठ्या! बाहेर देशातून आलेल्या तंबूंच्या, एकात एक बसणाऱ्या, आतून पोकळ, हातात धरल्या तर वजन कळू नये अशा. तंबू फाटून कामातून गेले, तेव्हा गावकऱ्यांनीच "न्या मामू, आमाला काय करायच्या," म्हणून त्यांच्या हवाली केल्या.

त्यातले आठ तुकडे निवडून पाशामियाँनी एकात एक बसवले आणि तीन माणसांच्या उंचीची गळाची काठी केली. शेंड्याच्या पोकळीत सीटकव्हरचं इलॅस्टिक ओवलं आणि त्याला दोरी बांधली. मासा पळाला की इलॅस्टिक ताणायचं, दमला की आखडायचं. दोरी तुटायची भीती नाही. दोरी गुंडाळायची चरखी नाही, काही नाही! मासा जवळ घ्यायचा तर मागचे तुकडे एकेक काढत काठी आखूड करायची. ही अक्कल त्यांना कुणी शिकवली नव्हती. हाजराबी मनातल्या मनात त्यांचं कौतुक करायची, पण तोंडावर कधी बोलली असेल तर शपथ.

कारण त्या काठीनं तिचे रविवार खाल्ले होते. रविवारी पोरांच्या परीक्षा, डबे लवकर हवेत, वर अंडाकरी हवी. आणि नेमके त्याच दिवशी हे पहाटे काठी घेऊन पसार! चाकूरच्या अलीकडं मच्छीमार सोसायटीचं तळं होतं. त्यात रोहू-कटल्याचं बी सोडलेलं. दर जानेवारीत तिथं शर्यत व्हायची. चार तासांत ज्याचे मासे वजनाला जास्त, तो पहिला. शर्यतीचे मासे पाण्यातल्या जाळीत जिवंत ठेवायचे, तोलायचे आणि परत तळ्यात सोडून द्यायचे.

"सोडून देता?" हाजराबीनं हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा लाटणंच खाली ठेवलं होतं. "मग धरता कशाला? कालवणाला न्हाई, विकायला न्हाई. येडे झाले का काय तुमी?"

आणि पहिला नंबर दरवर्षी भुजंग सरांचा. हे केमिस्ट्रीच्या क्लासचे सर. त्यांची काठी मुंबईहून आणलेली, काळी, चकचकीत. बक्षीस घेऊन आले की गल्लीत मोटरसायकल थांबवून, मार्क कमी पडलेल्या पोराला पुन्हा परीक्षेला बसवावं तसं म्हणायचे, "पाशाभाई, थोडक्यात गेलं हो! रिपीट करा." पाशामियाँ हसायचे. हाजराबीच्या अंगाची मात्र लाहीलाही व्हायची.

सहाव्या वर्षी तिचा तोल गेला. आठ दिवस आधी, चार शेजारणींच्या देखत तिनं सांगून टाकलं, "ऐका, सादियाचे अब्बा. यंदा पहिला नंबर आला तर मी जन्मात तुमच्या रविवाराचं नाव घेणार न्हाई. न्हाई आला तर काठी माझी. मी मोडीन, जाळीन, कुणाला देऊन टाकीन. पुन्हा तळं न्हाई."

पाशामियाँनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि म्हणाले, "हाव. जबान दिली."

एवढंच. तिला वाटलं होतं भांडतील. न भांडता कबूल झाले, म्हणून तिला उलट जास्तच राग आला.

शर्यतीच्या दिवशी डबे सादियावर सोपवून हाजराबी त्यांच्याबरोबर निघाली. "काठी घ्यायला मी जातीनं येते. तुमचा भरवसा न्हाई," म्हणाली. चाकूरच्या एसटीत ती काठीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आजची रात्र काही ही पिशवी माझ्या घरात काढत नाही, असं ती मनाशी घोकत होती.

तळ्याच्या काठी वीस खुंट्या ठोकलेल्या. चिठ्ठी काढायची, ज्याला जी खुंटी येईल तिथं बसायचं. सोसायटीचे चेअरमन साहेबराव, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, गळ्यात शिट्टी आणि हातात वही घेऊन उभे होते. त्यांनी नियम वाचून दाखवले. चारा कुणीही मळून द्या, पण काठीला आणि दोरीला दुसऱ्या माणसाचा हात लागला की तो मासा बाद. तोलताना ते प्रत्येकाला विचारणार होते. पाशामियाँना अकरा नंबरची खुंटी आली. भुजंग सर पलीकडच्या काठाला, बरोबर समोर.

नऊला शिट्टी झाली. हाजराबी मागं दगडावर पाठ फिरवून बसली. अर्धा तास तिनं पाण्याकडं पाहिलं नाही. मग समोरून आरडाओरडा झाला, भुजंग सरांना दोन किलोचा रोहू लागला होता. तिची मान आपोआप वळली. गळाच्या दोरीला बांधलेली मोरपिसाची पांढरी दांडी पाण्यावर तरंगत उभी होती. ती जरा हलली. थांबली. पुन्हा हलली, आणि गडप!

"बुडालं! अजी बुडालं!" हाजराबी ओरडली.

"हळू," पाशामियाँ पुटपुटले. मनगट झटकलं, आणि गळाला काहीच नव्हतं. कणकेची गोळी तेवढी मासा खाऊन गेला होता. तीनदा असंच झालं. हाजराबी उठली, चाऱ्याच्या पातेल्यात बोट खुपसलं आणि कपाळावर हात मारला.

"ही कणीक हाय का विटेची माती? कडक गोळी मासा तोडून घेऊन जातो, गळ राहतो बाहेर. सरका!"

तिनं पदर खोचला. पेंड आणि पीठ पुन्हा ओलं केलं आणि तळहाताच्या उबेवर असं मळलं, की गोळी लोण्यासारखी मऊ झाली, पण गळाला घट्ट बसली. आणि मग काय सांगावं! चिलापी, रोहू, पुन्हा चिलापी. गळ पडायचा अवकाश, दांडी गडप. काठी मागं सरकायची, तुकडा निघायचा, मासा जाळीत. पुन्हा तुकडा बसायचा, काठी पुढं. सीटकव्हर शिवताना पाय चालतो तशी एकसारखी लय लागली होती. दरवेळी मागं येणारी काठी चुकवायला हाजराबी डोकं खाली घालायची आणि गोळी पुढं करायची. बोलायला फुरसत कुणाला होती? तीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून एकही काम असं केलं नव्हतं.

पाऊण वाजेपर्यंत अकराव्या खुंटीमागं माणसं जमली. कुणी म्हणालं मामू चौदा किलोवर, कुणी म्हणालं सर एकोणीसवर. हाजराबीच्या हातातली गोळी तशीच राहिली. चौदा? मग काठी आपली. म्हणजे आपण जिंकत होतो की! मग हे वाईट का वाटून राहिलं? तिला आपलं आपल्यालाच हसू आलं नि रडूही. "या अल्ला, एक मोठा दे," ती पुटपुटली. "फक्त एक."

एकाला दहा कमी असताना दांडी बुडाली नाही. ती आडवी झाली आणि सरळ तळ्याच्या मधोमध निघाली. पाशामियाँनी काठी उचलली तर ती कमानीसारखी वाकली. इलॅस्टिक कधी नव्हे ते वीस हात बाहेर आलं.

"कटला!" गर्दीतून कुणीतरी किंचाळलं.

मासा उजवीकडं गेला, डावीकडं गेला, एकदा वर आला तेव्हा त्याचं घागरीएवढं डोकं सगळ्यांनी पाहिलं. पाच मिनिटं गेली. पाशामियाँनी एक तुकडा काढला, दुसरा काढला. मासा दमला, जवळ आला, आला... आणि शेवटची उसळी मारून पळाला. सगळ्यांचे डोळे पाण्यावर. त्याच वेळी पाशामियाँचा पाय चिखलात सटकला, ते गुडघ्यावर आपटले आणि काठी हातातून सुटून पाण्याकडं निघाली.

हाजराबीनं विचार केला नाही. झेप घेतली, चिखलात आडवी पडली आणि दोन्ही हातांनी काठी धरली. अरे बाप रे! त्या टोकाला तो जिवंत, रागावलेला, जोरदार जीव, आणि त्याची प्रत्येक धडपड तिच्या तळहातात, कोपरात, थेट छातीत. चार श्वास. चारच. मग पाशामियाँचे हात तिच्या हातांवर आले आणि तिनं काठी सोडली.

कटला जाळीत आला तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या. शिट्टी झाली. हाजराबी लहान पोरीसारखी उड्या मारत होती.

साहेबराव काटा घेऊन आले. भुजंग सरांचे एकोणीस किलो आधीच लिहून झाले होते. पाशामियाँचे बाकीचे मासे चौदा, कटला एकटा सात. एकवीस! गर्दीत एकच गलका झाला.

साहेबरावांनी वही उघडली. "इचारावं लागतं म्हणून इचारतो, मामू. काठीला कुणाचा हात लागला?"

पाशामियाँनी तोंड उघडायच्या आत हाजराबी पुढं झाली. "न्हाई! कुणाचा लागन? मी तर सकाळपासून त्या दगडावर बसून राहिले, ढिम्म!"

तिच्या कोपरापर्यंत चिखल होता. लुगड्याला चिखल, हनुवटीला चिखल. साहेबरावांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मग वहीत डोकं घातलं. बाकी सगळ्यांचे डोळे तेव्हा माशावर होते, काठीला लागलेला हात कुणी पाहिलाच नव्हता. पाशामियाँ गप्प राहिले असते तर विषय तिथंच संपला असता.

"लागला, साहेबराव," पाशामियाँ म्हणाले. "हिचा. तो मासा बाद करा."

"अहो!" हाजराबी ओरडली. "काय बोलून राहिले? काठी जाईल तुमची!"

"जाऊ दे. जबान दिली होती."

तिला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की कुठलं आधी हे तिलाच कळेना. पैजेची गोष्ट गल्लीतून तळ्यापर्यंत आलीच होती; गर्दीत कुणीतरी कुजबुजलं, बाईनं पैजेपायी मुद्दाम हात लावला असेल. पाशामियाँ कधी नव्हे ते मोठ्यानं बोलले, "मुद्दाम करणारी बाई अशी रडते का?" तेव्हा कुठं हाजराबीला कळलं, की आपण रडतोय.

पहिला नंबर भुजंग सर. दुसरा पाशामियाँ. सर हात मिळवायला आले, पण यंदा ते 'रिपीट करा' म्हणाले नाहीत. "वहिनी, गोळी कशी मळली तेवढं सांगा," एवढंच म्हणाले. तिनं सांगितलं नाही.

कटला पाण्यात सोडला. तो दोन क्षण काठाशी घुटमळला, शेपटी मारली आणि गेला. सोडून देण्यात काय असतं ते तिला आज कळलं. पाशामियाँनी काठीचे आठही तुकडे पुसले, पिशवीत भरले, नाडी आवळली आणि पिशवी तिच्या हातात दिली. डोळ्यात पाणी नाही, तक्रार नाही. फक्त हात रिकामे झाल्यावर ते कुठं ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं.

हाजराबी पिशवी घेऊन तशीच साहेबरावांकडं गेली.

"भाऊ, पुढच्या साली बाईचं नाव लिवता का?"

साहेबरावांनी चष्मा वर केला. "लिवायचं न्हाई असं कुठं लिवलंय? काठी सोसायटीची पायजे का सोताची हाय?"

"सोताची," हाजराबी म्हणाली. "आत्ताच झाली."

पाशामियाँ बघतच राहिले. "हाजरा, अगं डबे? अन् मी?"

"डबे पहाटे दोघं मिळून उरकू. मग तुमी माझ्या मागं त्या दगडावर बसा," ती म्हणाली. "अन् काही झालं तरी काठीला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवते."